शौक्तायनाच्या आसनाखालचे गवत

पूर्वी, कृतयुगाचा दिवस मावळतीला लागला होता आणि त्रेतायुग उंबरठ्याबाहेर उभे होते, अशा संधिकाळात सह्यपर्वताच्या पूर्वेस शिलावर्त नावाचा एक विस्तीर्ण देश होता. पश्चिमसमुद्रावरून निघालेले मेघ आपली सारी जलसंपदा सह्याद्रीच्या चरणी ओतत, आणि पहिल्याच बाजारात माल संपलेला व्यापारी दुसऱ्या गावी जशा रिकाम्या गोण्या झटकून दाखवतो, तसे शिलावर्तावर चार शिंतोडे झटकून पूर्वेकडे निघून जात. त्या देशात निबिड अरण्ये नव्हती, कमलांनी भरलेली सरोवरे नव्हती. काळ्या कातळावर वीतभर मातीचे पांघरूण, त्या पांघरुणावर लाटेमागून लाट यावी तशा टेकड्या, आणि त्या टेकड्यांवर क्षितिजापर्यंत गवत. त्या गवतात काळविटांचे कळप होते, चंडोलांची घरटी होती, आणि लक्षावधी गाई होत्या. देशाचे सारे वैभव त्या गाईंच्या चार पायांवर उभे होते.

त्या गवताची हकिकत आधी सांगायला हवी, म्हणजे पुढचा व्यवहार नीट ध्यानात येईल.

सृष्टिकर्त्या ब्रह्मदेवाने जेव्हा समस्त तृणकुलाला बोलावून कामे वाटून दिली, तेव्हा दूर्वेने देवपूजा मागून घेतली, दर्भाने यज्ञवेदी, वाळ्याने सुगंध, मुंजाने बटूची मेखला आणि बोरूने लेखणी. शूकी नावाची तृणकन्या सर्वांत शेवटी आली. तिचे घर लांब होते आणि वाटेत कातळ फार होता. तांबूस केसांची, सडपातळ, अंगावर दागिना म्हणून नुसती टोकदार कुसळे ल्यालेली ती मुलगी सभेच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा ब्रह्मदेव हात धुऊन उठण्याच्या बेतात होता.

"उशीर केलास, वत्से," विधाता म्हणाला. "सारे वाटून झाले. तुला येते तरी काय?"

"मला परत येता येते," शूकी म्हणाली.

"म्हणजे?"

"खाल्ले तर परत येते. जाळले तर परत येते. तुडवले तरी."

"हे काही काम नव्हे."

शेजारी बसलेली वाग्देवी हसली आणि म्हणाली, "नाथ, आज नसेल. पण या बाकीच्यांची कामे कुणी मोडून ठेवली, तर त्या दिवशी हिच्याशिवाय चालायचे नाही."

"मग हिने थांबावे," ब्रह्मदेव म्हणाला. "मागणी आली की मी कळवीन."

शूकी परत गेली आणि शिलावर्ताच्या टेकड्यांवर मागणीची वाट पाहत राहिली.

आता राजाकडे वळू. शिलावर्ताच्या सिंहासनावर ऋतुवर्धन नावाचा राजा होता. त्या देशाची रीत अशी की, राज्याभिषेकाच्या दिवशी गोपकुळांतील वडीलधारी व्यक्ती पुढे येई, कळपाच्या म्होरक्या गाईच्या गळ्यातली पितळी घंटा सोडी आणि सिंहासनाच्या उजव्या हाताला बांधी. अर्थ उघड होता. गाई तुझ्या भरवशावर. ज्या दिवशी चाऱ्यावाचून कळप क्षीणतोया नदी ओलांडून परदेशी निघेल त्या दिवशी आम्ही घंटा परत मागू, आणि घंटा गेली की तू चारचौघांसारखा एक. ऋतुवर्धनाचा आजा मोठा चुळबुळ्या होता. परराज्याचा दूत लांबलचक बोलू लागला की त्याची मांडी हले, घंटा वाजे आणि दूत समजून घेई. शेवटी प्रधानांनी लोलकाला कापसाचा बोळा बांधला. ऋतुवर्धनाने मात्र गादीवर बसताच पहिल्याच दिवशी तो बोळा काढून टाकला. ती वाजते की नाही, हे आपल्याला ऐकू यायला हवे, असे तो म्हणे.

सलग तिसऱ्या वर्षी मेघांनी गोण्या झटकल्या, तेव्हा गोपकुळांची मुख्य रोहिता राजसभेत आली. पिंजलेल्या कापसासारखे केस, उन्हाने काळवंडलेला चेहरा, हातात वेळूची काठी. राजाच्या कपाळावर अभिषेकाचा टिळा तिनेच लावला होता.

"राजा, घंटेवर धूळ बसलेली दिसते," ती म्हणाली.

"रोज पुसतो, माई."

"पुसत असशील. पण आता ती उतरवायचे दिवस आले. गाईंच्या बरगड्या दुरून मोजता येतात. वासरे आचळाला लागतात आणि तशीच उभी राहतात."

राजा उठून तिच्यासमोर आला. "येणारा वर्षाऋतू एवढा मला दे. मी शौक्तायन महर्षींना आणतो. त्यांच्या यज्ञाला पर्जन्य नाही म्हणू शकत नाही, असे सारे आर्यावर्त सांगते."

रोहिताने काठी या हातातून त्या हातात घेतली. "दिला. मला तरी नदी ओलांडायची कुठे हौस आहे? पलीकडच्या कुरणांवर पलीकडच्यांची कुत्री आहेत. पण तुझा ऋषी पाऊस आणो न आणो, त्याला एक सांग. ती कुसळे गुरांच्या जिभेत रुततात, त्यांचे काहीतरी कर म्हणावे."

याप्रमाणे महर्षी शौक्तायन शिलावर्तात आले. तपाने कृश, अग्निशिखेसारखे ताठ, आणि शुद्धीच्या बाबतीत असे कठोर की त्यांच्या आश्रमात झाडलेले अंगण पुन्हा झाडून मगच झाडणी जागेवर ठेवीत. वेदीची भूमी तयार करण्यात त्यांचा हात धरणारा त्रिभुवनात कुणी नव्हता. वेदीखाली केस नसावा, अस्थी नसावी, कोळसा नसावा, आणि मूळ तर मुळीच नसावे, हा त्यांचा सिद्धांत होता. "ज्या भूमीत मूळ राहिले," ते म्हणत, "त्या भूमीत यजमानाच्या इच्छेला वाटेकरी राहिला."

पहिला यज्ञ यथासांग मांडला गेला. मंत्रघोषाने दिशा भरल्या, घृताच्या धारेने अग्निनारायण डोलू लागला. पण शिलावर्ताचा वारा कुसळांनी भरलेला, आणि ऋत्विजांची धोतरे मोकळी. मंत्राच्या ऐन मध्यावर मंत्र म्हणणारा ऋत्विज, म्हणजे होता, खाली वाकून पोटरी चाचपू लागे. उद्गात्याचा षड्ज मांडीला काही टोचताच एकदम पंचमावर जाई. पूर्णाहुतीच्या वेळी सगळ्यांनी पाहिले की अध्वर्यूच्या पळीत, तुपाच्या मधोमध, एक तांबूस कुसळ संथपणे फिरत आहे. वर मेघ जमले होते. ते शिंकल्यासारखे चार थेंब टाकून पांगले.

शौक्तायनांनी पळी खाली ठेवली. "दोष सापडला," ते म्हणाले. "राजन्, वेदीला कुंपण नसते, वारा जेथून येतो तेथपर्यंत वेदी असते. डोळ्यांना दिसते तेवढ्या भूमीतून हे तृण समूळ निघाले पाहिजे."

"डोळ्यांना तर सारा देश दिसतो, भगवन्," राजा म्हणाला.

"मग सारा देश."

राजाने घंटेकडे पाहिले आणि पहिली कुदळ स्वतः उचलली. मग काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात वर्णन करण्याजोगे सौंदर्य काही नाही. माणसे ओळीने टेकड्या चढू लागली. पुढच्या ओळीने उपटायचे, मधल्या ओळीने खणून मुळ्या काढायच्या, मागच्या ओळीने माती चाळायची. ऋत्विजांच्या ज्या वस्त्रात कुसळ अडकलेले सापडे, ते वस्त्र अशुद्ध ठरवून दक्षिणेच्या टेकडीवरील एका कातळगुहेत फेकले जाई. लोक तिला त्याज्यगुहा म्हणू लागले. ती हळूहळू छतापर्यंत भरली, आणि वैदिकांच्या अंगावर दर चार दिवसांनी कोरी धोतरे येऊ लागली. रोहिता काठीवर हनुवटी टेकून हे पाही आणि म्हणे, "कधी नव्हे तो शहाणा ऋषी मिळाला."

एके सकाळी चंडोलांचा थवा उठला आणि नदीपलीकडे गेला तो परतला नाही. राजाने विचारले, "भगवन्, ही पाखरे कुठे जातील?"

"जेथे यज्ञ नाही तेथे," महर्षी म्हणाले.

शेवटची टेकडी खणायला माणसे पोचली, तेव्हा गवत वाऱ्याविना हलले आणि त्यातून शूकी प्रकट झाली. तिचे पाय दिसत नव्हते. ते मातीत होते. तिने महर्षींना हात जोडले.

"ऋषिवर, मी या भूमीची मुलगी. माझे काय चुकले ते सांगावे."

"तू हविर्द्रव्यात पडलीस."

"वाऱ्याने नेले तिथे पडले. माझे काम पडणेच आहे. मी पडले नाही तर पुढल्या वर्षी येणार कशी?"

"येऊच नकोस, एवढेच सांगायला मी उभा आहे," शौक्तायन म्हणाले. "दर्भाकडे पाहा. तोही तृणच. पण तो जेथे ठेवला तेथे राहतो."

"दर्भाला ठेवायला कुणीतरी असते, महाराज. मला कोण ठेवणार? म्हणून मी अडकते, मिळेल त्याच्या पायाला, वस्त्राला, लोकरीला. ही माती मी धरून आहे. मला सोडवलेत तर हिला कोण धरील, तेवढे सांगा आणि मग खुशाल खणा."

हा प्रश्न होता. परंतु पूज्यांना प्रश्न आणि उद्धटपणा यांतला फरक पाहायला नेहमीच सवड नसते. महर्षींचे नेत्र आरक्त झाले. त्यांनी कमंडलूतले जल तळहातावर घेतले आणि ते मेघगर्जनेसारख्या वाणीने म्हणाले:

"हे उन्मत्त तृणकन्ये, ऐक. आजपासून तू यज्ञाला अयोग्य होशील. कोणत्याही देवाच्या चरणी तुला स्थान मिळणार नाही. तुझे हे केस दरवर्षी अग्नीचे भक्ष्य होतील. आणि तुझ्या गुणाने तुला कुणी ओळखणार नाही. तुझ्या काट्याचेच नाव तुला पडेल."

जल भूमीवर पडले. शूकीने मान खाली घातली. "शाप शिरसावंद्य," ती म्हणाली, आणि कुदळ तिच्या पायापाशी येण्याआधीच दिसेनाशी झाली.

दुसरा यज्ञ निर्दोष झाला. अगदी निर्दोष. ताटासारख्या स्वच्छ भूमीवर वेदी शोभत होती; कुणाची पोटरी खाजली नाही, कुणाचा स्वर ढळला नाही. दक्षिणेच्या एका लहानशा उंचवट्यावर मृगाजिन अंथरून शौक्तायन बसले होते, ते भूमिशोधनाच्या पहिल्या दिवसापासून तेथेच होते. सारे कार्य त्यांनी त्या आसनावरून पाहिले, रात्रीची निद्राही तेथेच घेतली, आणि सत्र संपेपर्यंत तेथून हलायचे नाही हा त्यांचा नियम होता. उठले ते फक्त शेवटच्या टेकडीवर शाप द्यायला.

पूर्णाहुती पडताच पश्चिम दिशा काजळली. ऐरावताच्या गंडस्थळासारखे कृष्णमेघ सह्याद्रीला न थांबता ओलांडून आले. विद्युल्लतांनी आकाश चिरले. आणि मग पाऊस आला, गोणी झटकणारा नव्हे, गोण्याच गोण्या रिकाम्या करणारा. लोक नाचले. रोहिताने तोंड वर करून जीभ बाहेर काढली. राजा सिंहासनाकडे धावला आणि ती घंटा त्याने दोन्ही हातांनी वाजवली.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलला. पाणी तांबडे झाले, मग काळे झाले. टेकड्यांच्या अंगावरून ओघळ फुटले, ओघळांच्या घळी झाल्या. वर्षानुवर्षे वीत वीत जमलेले ते पांघरूण क्षीणतोयेच्या पात्रात उतरले आणि तिने ते समुद्राला नेऊन दिले. वेदी गेली. मंडप गेला. राजवाड्याचे अंगण, सभा आणि सभेतले सिंहासनही पाण्यात तरंगले. राजाने घंटा तेवढी सोडवून घेतली. विहिरी चिखलाने बुजल्या. पाचव्या दिवशी ऊन पडले, आणि महिना जाण्याआधी शिलावर्त मृदंगाच्या कातड्यासारखा ताणलेला, कोरडा आणि पोकळ झाला. पाणी कुठेच थांबले नव्हते.

एक चमत्कार मात्र सर्वांनी पाहिला. महर्षींचे आसन भूमीपासून वीतभर उंच झाले होते. त्या सपाट वैराणात मातीच्या एका खांबावर मृगाजिन, त्यावर ध्यानस्थ शौक्तायन, असे ते दृश्य होते. ऋत्विजांनी साष्टांग नमस्कार घातले. "महर्षींच्या तपाने पृथ्वीने आसन उचलून धरले," ते म्हणाले. शौक्तायनांनाही ते पटले. आपल्या तपाविषयी इतके स्पष्ट प्रमाण याआधी त्यांना मिळाले नव्हते.

त्या बळावरच त्यांनी इंद्राला हाक मारली. "हे सहस्राक्षा, यज्ञ निर्दोष झाला, हवि तू घेतलास, आणि त्याबदली हा ओसाड देश दिलास. समोर ये आणि उत्तर दे."

इंद्र आला. वज्र त्याने मागे ठेवले होते, आणि बोलणे त्याचे मोठे गोड होते. ज्याची बाजू पक्की असते त्याला गोड बोलणे परवडते.

"महर्षे, आपण पाऊस मागितलात. मी दिला."

"तू पूर दिलास."

"जेवढा सह्याद्रीला देतो तेवढाच. तो माझ्याकडे कधी तक्रार घेऊन आला नाही. देणाऱ्याचे काम ओतण्यापर्यंत असते, ब्रह्मन्. आपण पदर कुठे धरला होता?"

"माझ्या तपाला बोल लावतोस? हे आसन पाहा. पृथ्वीने उचलून धरले आहे."

इंद्राने आसन पाहिले आणि तो नम्रपणे हसला. त्या हसण्याने महर्षी पेटले. शतक्रतू इंद्राला शाप द्यायचा तर तळहातावर जल हवे. त्यांनी कमंडलू उलटा केला. त्यात चिखलाची पापडी होती. शिष्य विहिरीकडे धावला आणि रिकामा परतला. राजाच्या घरी पाणी नव्हते, गोपांच्या पखालीत नव्हते. ज्या देशावर महिन्यापूर्वी आकाश कोसळले होते, त्या देशात एका ब्राह्मणाला शाप देण्यापुरते ओंजळभर पाणी नव्हते. इंद्र शांतपणे थांबला होता. देव असल्यामुळे त्याला घाई नव्हती.

तेवढ्यात शौक्तायनांच्या बोटांना ओल लागली. त्यांनी टेकायला हात मागे नेला होता तो आसनाखाली गेला होता. ते उठले. किती दिवसांनी उठले, ते त्यांच्या गुडघ्यांनाच ठाऊक. त्यांनी मृगाजिन उचलले.

खाली शूकीचे एक जुने ठोंब होते. उन्हावाचून पांढुरके पडलेले, दबलेले, पण जिवंत. सारा देश खणणाऱ्या माणसांनी महर्षींना मात्र 'जरा उठा' म्हटले नव्हते. तसे म्हणायचा धीर कुणालाच झाला नसता. त्या ठोंबाच्या मुळ्या चहूकडे केसांच्या जाळीसारख्या पसरल्या होत्या, आणि त्या जाळीत माती होती, आणि मातीत ओल होती.

महर्षींनी त्या मातीच्या खांबाकडे पाहिले. मग भोवतालच्या कातळाकडे पाहिले. नंतर ते बोलले, तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या सामान्य माणसासारखा होता.

"आसन वर गेले नाही," ते म्हणाले. "देश खाली गेला."

शौक्तायनांनी मुळ्यांसकट मातीचा गोळा दाबला, तेव्हा तळहातावर थोडे गढूळ पाणी उतरले. त्याबरोबर मागल्या वर्षीचे एक वाळके कुसळ पडले. पाणी लागताच ते जागे झाल्यासारखे वळू लागले. पिळावर पिळ घेत फिरले, आणि त्याचे टोक महर्षींच्या तळहातात रुतले. रक्ताचा थेंब आला. शौक्तायनांनी हात हलवला नाही. सुताराचा सामता भोक पाडताना फिरत फिरत लाकडात कसा उतरतो ते त्यांनी आश्रमात पाहिले होते. तेच ते पाहत होते.

"महर्षे," इंद्र हळूच म्हणाला, "हाती घेतलेले जल शब्दावाचून टाकता येत नाही. कुणाच्या नावाने सोडता?"

त्याच वेळी टेकडीवरून काठ्यांचा आवाज आला. रोहिता आणि तिच्यामागे गोपकुळे येत होती. उरलेल्या गाई नदीकडे तोंड करून उभ्या होत्या. राजाने तिला पाहिले आणि कमरेची घंटा हातात घेतली.

शौक्तायन म्हणाले, "देवराज, तू जा. तुझ्याकडे माझे काही मागणे नाही." मग ते त्या ठोंबाकडे वळले आणि त्यांनी हात जोडण्याऐवजी गुडघे टेकले. "शूकी, दिलेला शाप मला मागे घेता येत नाही. पण तो कोणत्या दिशेने चालेल हे सांगता येते. तू यज्ञाला अयोग्य राहशील. म्हणून पूजेसाठी कुणी तुला खुडणार नाही आणि वेदीसाठी कुणी तुला कापणार नाही. तुझे केस अग्नी खाईल. पण तुझ्या पायाला तो शिवणार नाही, आणि जळाल्यावर तू आधीपेक्षा दाट येशील. काट्याचे नाव तुला पडेल. पण तो काटा पाणी लागताच फिरेल, उन्हात उलगडेल, पुन्हा फिरेल, आणि कुणी न पेरता तुझे बीज मातीत उतरवील. तू जेथे पडशील तेथे राहशील. ही भूमी तुझ्या हाती."

जल मातीवर पडले. ठोंबाचे एक पाते सरळ झाले. सत्यलोकात, असे म्हणतात, ब्रह्मदेवाने वाग्देवीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "मागणी आली."

रोहिता हे सारे ऐकत उभी होती. कुसळे काढा म्हणणारी तीच होती, हे तिला आठवत असावे, कारण ती शौक्तायनांना एक शब्दही बोलली नाही. तिने राजाला विचारले, "आता आम्ही किती थांबायचे?"

"मी मुदत सांगणार नाही," राजाऐवजी महर्षी म्हणाले. "या भूमीला एकदा हुकूम सोडून पाहिला."

"थांबू नका, माई," ऋतुवर्धन म्हणाला. "एका ठोंबावर लाख गाई जगत नाहीत. उलट त्याच एका ठोंबाला खाऊन जातील." आणि त्याने घंटा तिच्या हातात दिली.

तिने ती घेतली. घंटेचा लोलक एकदा आपटला. त्या क्षणी शिलावर्ताला राजा उरला नाही.

"तू काय करणार?" तिने विचारले.

"इथे गुरे आवरायला कुणीतरी लागेल."

"गुरे तर आम्ही नेतो आहोत."

"परत याल तेव्हा, म्हणतो मी."

रोहिताने त्याच्याकडे पाहिले, आणि पाठ फिरवून चालू लागली. कळप नदी उतरून गेला.

मग जे घडले ते कुठल्याही श्रौतविधीत सांगितलेले नाही. महर्षी शौक्तायन दक्षिणेच्या टेकडीवर चढले आणि त्याज्यगुहेसमोर उभे राहिले. कातळात असल्यामुळे ती तेवढी पुरातून वाचली होती. ज्या वस्त्रांच्या स्पर्शाने स्नान करावे लागे ती वस्त्रे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. धोतरे, उपरणी, पंचे. प्रत्येकात कुसळे, एकमेकांत गुंतलेल्या जुडग्यांची जुडगी. ऋत्विजांपैकी बरेच जण 'आमच्या गुरुकुलात हे चालत नाही' म्हणून निघून गेले. उरले त्यांनी आणि ऋतुवर्धनाने मिळून ती वस्त्रे टेकड्यांवर अंथरली, घळींत अंथरली, जेथे बोटभर माती राहिली होती तेथे दगड ठेवून दाबली. यज्ञवेदी जेथे होती तेथे शेवटचे धोतर शौक्तायनांनी अंथरले. ते अध्वर्यूचेच होते.

दहिवराने कुसळे भिजत, फिरत, उन्हाने उलगडत, पुन्हा भिजत. वस्त्रे कुजली, बीज उतरले. शिंतोडे टाकणारे ढग नेहमीप्रमाणे येऊन गेले, आणि या वेळी ते शिंतोडे जागच्या जागी राहिले. शौक्तायन तेथेच एका झोपडीत राहिले. त्यांच्याकडे कुणी आले की ते आधी स्वतः उठत, आपल्या बसण्याच्या जागेखाली पाहत आणि मग पाहुण्याला बसवीत. लोकांना ही त्यांची लकब वाटे.

काही वर्षांनी उन्हाळ्यात वीज पडून टेकड्या पेटल्या. तीन दिशांनी ज्वाळा धावल्या. ऋतुवर्धन काळ्या राखेत बसून राहिला. त्याला वाटले, दुसऱ्यांदा गेले. पावसाचा पहिला शिडकावा झाला आणि राखेतून हिरवी टोके वर आली, आधीपेक्षा दाट. त्या वर्षी चंडोल परतले.

आणि एका शरद ऋतूत क्षीणतोयेच्या पलीकडून घंटा ऐकू आली. रोहिता आता चालत नव्हती. एका बैलाच्या पाठीवर बसून ती काठावर आली. तिच्यामागे कळप होता. समोर शिलावर्त वाऱ्याने लाटांवर लाटा घेत होता, तांबूस, कुसळांनी भरलेला.

"ऋतुवर्धना," तिने पलीकडून हाक दिली, "सिंहासन कुठे ठेवलेस?"

"पुरात तरंगत राहिले होते, माई. आणून फोडले आणि वासरांना कुंपण केले."

"मग ही बांधू कुठे?"

"जिची होती तिच्याच गळ्यात बांध. आणि लगेच उतरू नका. कुसळे अजून झडायची आहेत. झडू दे, मातीत जाऊ दे, गाईंच्या जिभाही वाचतील. मग या."

रोहिताने मागे वळून भुकेल्या कळपाकडे पाहिले. आज्ञा करायला तेथे राजा नव्हता, आणि अडवायला सैन्य नव्हते. नदीत घोटाभर पाणी होते. तिने बैलावरून उतरून, हात द्यायला आलेल्या सुनेला बाजूला सारले आणि म्होरक्या गाईच्या गळ्यात घंटा बांधली. मग ती काठावर मांडी घालून बसली. तिला बसलेली पाहून गोप बसले. कुसळे झडेपर्यंत सारा कळप पलीकडच्या काठावर थांबला, आणि मगच घंटा वाजवीत पाण्यात उतरला.

तेव्हापासून शिलावर्ताच्या टेकड्यांवर हीच रीत पडली की गवत झडल्याशिवाय म्होरकी गाय वर सोडायची नाही. सिंहासन पुन्हा झाले नाही. शूकीला लोक कुसळी म्हणतात, महर्षींच्या शब्दाप्रमाणे काट्याचेच नाव. कुठल्याही पूजेच्या तबकात ती सापडायची नाही. दरवर्षी ती जळते, आणि दरवर्षी येते.

आजही त्या माळावरून कुणी वाटसरू गेला, तर त्याच्या धोतराला, पायजम्याला, मोज्यांना कुसळे लागतात. मैल दोन मैल तो सोसतो, आणि मग वाटेत एखाद्या दगडावर बसून एक एक कुसळ उपटतो, त्या गवताला दोन शब्द बोलतो, आणि चिडून ते बाजूला फेकतो. जेथे फेकतो तेथली माती उघडी असते. शौक्तायनांचा वर तेवढ्यावर चालला आहे.